पाणीपुरवठ्याचे पंप घेताना वीजखर्च धरून एल-१ कसा ठरवावा

प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेच्या जॅकवेलवरचे (नदीचे पाणी जिथून उपसतात त्या विहिरीवरचे) जुने पंप बदलायचे आहेत. कमी वीज खाणारा पंप महाग पडतो आणि निविदेत काम मिळते ते सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. महाग पंप घेतला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, स्वस्त घेतला तर वीजबिल नगरपरिषदेच्या मानगुटीवर बसेल. नियमात राहून चांगला पंप कसा घ्यायचा?

एल-१, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदाकारालाच काम, हा नियम सोडायची काहीच गरज नाही. सर्वांत कमी म्हणजे सर्वांत कमी काय, हे निविदा काढण्याआधी ठरवायचे आणि सूत्रासह निविदेत छापायचे. सूत्रात वीजखर्च असेल तर वीजखर्चासह जो सर्वांत स्वस्त तोच एल-१, आणि त्याच्याकडून खरेदी करणे म्हणजेच नियमाप्रमाणे खरेदी. आक्षेप निघतो तो लिफाफे उघडल्यानंतर कुणीतरी टिपणीत ‘हा पंप दर्जेदार वाटतो’ असे लिहून एल-२ला, म्हणजे त्याच्या वरच्या दराच्या निविदाकाराला, काम दिल्यावर, आणि तो आक्षेप योग्यच असतो.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. वीज कंपन्या ट्रान्सफॉर्मर घेताना त्याच्या तोट्यांना, म्हणजे लॉसेसना, प्रति किलोवॅट रुपये लावून ती रक्कम किमतीत मिळवत आल्या आहेत. युरोपीय संघाच्या २०१४/२४ या खरेदी-निर्देशाचे ६८वे कलम आयुष्यभराच्या खर्चावरच आहे, आणि त्यातली मुख्य अट हीच आहे: पद्धत कोणती आणि निविदाकाराने कोणती माहिती द्यायची, दोन्ही आधीच निविदेच्या कागदपत्रांत सांगा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १४४ मालाचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्यावर आधारलेले आणि मोजता येईल असे असावे, त्यात विशिष्ट ब्रँड नसावा, असे सांगतो. महाराष्ट्रात तुम्हाला उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयासोबतची खरेदीची नियमपुस्तिका आधी बघावी लागेल. टिपणीत तिचा आणि आपल्या लेखासंहितेचा संदर्भ द्या, केंद्राचे नियम आधारापुरते जोडा.

बरेच जण इथे गुणवत्ता आणि दर यांना वेगवेगळे गुण देण्याच्या पद्धतीकडे, क्यूसीबीएसकडे, वळतात. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत कामे आणि सल्लासेवेखेरीजच्या सेवांसाठी ती काही अटींवर खुली केली, गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ३० टक्के ठेवून. पंपासाठी मात्र ती नकोच. ‘तांत्रिक सादरीकरण, १० गुण’ यावर उद्या कुणीही बोट ठेवेल. वीज मोजता येते आणि रुपयांत मांडता येते, मग गुण द्यायचे कशाला?

आता आकडे घालून बघू. ताशी २०० घनमीटर पाणी, एकूण हेड (पाणी चढवायची उंची आणि पाइपातले घर्षण मिळून) ६० मीटर. पाण्याला प्रत्यक्ष लागणारी शक्ती ३२.७ किलोवॅट. ‘अ’ निविदाकाराचा पंप ७० टक्के कार्यक्षमतेचा. शाफ्टवर ४६.७ किलोवॅट लागतात, म्हणून मोटर ५५ किलोवॅटची, आयई-२ वर्गाची, ९३.५ टक्क्यांची. मीटरवर भार पडतो ४९.९६ किलोवॅट. ‘ब’चा पंप ८० टक्क्यांचा. शाफ्टवर ४०.९ लागतात, ४५ किलोवॅटची आयई-३ मोटर पुरते, तिची कार्यक्षमता ९४.२ टक्के. भार ४३.३९ किलोवॅट. (मोटरच्या कार्यक्षमतेचे हे वर्ग आयएस १२६१५ या भारतीय मानकातले, चार पोलच्या मोटरसाठीचे.) फरक ६.५७ किलोवॅट. रोज १६ तास, वर्षाला ५,८४० तास पंप चालला तर ३८,४०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ३.०७ लाख.

‘अ’ची किंमत ६ लाख आणि ‘ब’ची ८.५ लाख समजू. दहा वर्षे आणि १० टक्के वटाव दर (पुढे खर्च होणारा रुपया आज दरवर्षी किती कमी धरायचा तो दर) धरला तर दरवर्षीच्या एका रुपयाचे आजचे मूल्य ६.१४५ रुपये होते. त्या हिशेबाने ‘अ’चा एकूण खर्च १४९.४ लाख, ‘ब’चा १३३.१ लाख. अडीच लाख जादा देऊन घेतलेला पंप सोळा लाखांनी स्वस्त पडतो. दोन्हीकडे पंपाची किंमत एकूण खर्चाच्या सात टक्क्यांच्या आतच राहते. आपण निविदेत सगळी चुरस या सात टक्क्यांवर लावतो आणि उरलेल्याकडे बघत नाही.

हाच हिशेब सोपा करून निविदेत घालायचा. एक किलोवॅट भार × ५,८४० तास × ८ रुपये × ६.१४५ = सुमारे २,८७,००० रुपये. एवढा एकच आकडा पुरे. कलम साधारण असे लिहा:

‘मूल्यांकित किंमत = पुरवठा, उभारणी व चाचणीची सर्व करांसह किंमत + परिशिष्टातील सुट्या भागांची किंमत + (हमी दिलेला विद्युत भार किलोवॅटमध्ये × रु. २,८७,०००). विद्युत भार म्हणजे ताशी २०० घनमीटर व ६० मीटर हेड असताना मोटरच्या टर्मिनलवर मोजलेला भार. हमीच्या आकड्यावर कोणतीही ऋण सूट ग्राह्य धरली जाणार नाही. किमान मूल्यांकित किमतीचा निविदाकार एल-१ समजला जाईल. करार मात्र त्याने भरलेल्या किमतीला होईल.’

शेवटचे वाक्य विसरू नका. मूल्यांकित किंमत फक्त तुलनेसाठी असते. ते स्पष्ट लिहिले नाही तर मंजुरीच्या ठरावात १३३ लाखांचा आकडा जातो आणि पुढे तो निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

तास आणि दर या दोन आकड्यांचा पुरावा फाइलला हवा. तास लॉगबुकमधून घ्या आणि बिलावरच्या युनिटांशी ताडून बघा. लॉगबुकात ‘२२ तास’ आणि बिलावरून १४ निघतात, असे सर्रास होते. तास फुगवले की सूत्र विनाकारण महाग पंपाकडे झुकते. दर काढताना वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार एवढेच घ्या. स्थिर आकार सोडून द्या, कारण भार थोडा कमी झाला म्हणून तो आपोआप उतरत नाही. उच्चदाब जोडणी असेल तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून बिल केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) येते आणि पॉवर फॅक्टर कमी असला की ते वाढते, तेव्हा तोही हिशेबात धरा. पुढच्या दरवाढीचा अंदाज मात्र घालू नये. ती होणार हे सगळ्यांना ठाऊक असले तरी तिच्या टक्केवारीवर वाद होतो, आणि तिच्याशिवायही निकाल तोच लागतो.

सूत्र प्रामाणिक असेल तर ते प्रत्येक वेळी महाग पंपालाच कौल देणार नाही. वर्षाला जेमतेम ५०० तास चालणाऱ्या खऱ्याखुऱ्या राखीव पंपासाठी हाच फरक दहा वर्षांत १.६ लाखांचा होतो. अडीच लाख जादा देण्यात अर्थ नाही, तिथे ‘अ’च घ्यावा. पण तुमच्याकडे दोन पंप पाळीपाळीने चालत असतील तर राखीव असे काही नसतेच. तास निम्मे-निम्मे वाटा, दोन्हींना तेच सूत्र लावा.

आता ज्या ठिकाणी सगळा खेळ बिघडतो तिकडे येऊ: हेड. शाखा अभियंता हेडमध्ये १० टक्के वाढवतो, सल्लागार आणखी १० टक्के, तांत्रिक मान्यतेच्या वेळी ‘सुरक्षिततेसाठी’ वर पाच मीटर. खरे हेड ६० मीटर असताना निविदेत ७८ छापले जाते. ७८ मीटरला ८० टक्के कार्यक्षमता देणारा पंप ६० मीटरवर चालवला की तो आपल्या प्रवाह-हेड वक्राच्या उजव्या टोकाकडे सरकतो, पाणी जास्त फेकतो, मोटर अँपिअर जास्त ओढते. मग ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतो. मोटर वाचते, पण व्हॉल्व्हवर रोज वीज जळते. असा पंप चाचणीत पास होतो, हमी पुरी करतो आणि तरीही बिल उतरत नाही.

म्हणून अंदाजपत्रकाआधी मोजमाप करा. डिलिव्हरीला व्हॉल्व्हच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन कॅलिब्रेट केलेले प्रेशर गेज बसवा. एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १० मीटर. पलीकडच्या गेजवर ५.५ दिसले आणि गेजच्या मध्यापासून जॅकवेलमधल्या पाणीपातळीपर्यंत ५ मीटर भरले, तर हेड सुमारे ६० मीटर. दोन गेजमधला फरक म्हणजे व्हॉल्व्हवर फुकट जाणारे हेड. प्रवाह मोजायला पाइपवर बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने मिळतो. तो सरळ पाइपवरच लावायचा, आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी सोडून. बेंडला चिकटून लावलेल्या मीटरचे आकडे कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचे. हे मोजमाप मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा झाले तर उत्तम, कारण नदीची पातळी बदलली की हेड बदलते.

नव्या पंपाने पाणी जास्त हवे असेल तर घर्षणाचे हेड नव्याने काढा. प्रवाह १६० वरून २०० घनमीटरवर नेला, म्हणजे सव्वापट केला, की पाइपातले घर्षण दीडपट होते. याच कारणाने दोन पंप एकत्र चालवून दुप्पट पाणी मिळत नाही. कधी एक, कधी दोन पंप चालत असतील तर दोन्ही स्थिती निविदेत द्या आणि भाराची हमी प्रत्येक स्थितीला वेगळी मागा. सूत्रात त्या-त्या स्थितीचे तास घाला. आणि जुनी ओतीव लोखंडी वाहिनी आतून गंजून अरुंद झाली असेल तर आधी वाहिनीचा विचार करावा. साठ मीटरमधले पंचवीस मीटर घर्षणातच जात असतील तर कितीही चांगला पंप त्या गळ्यातून पाणी ढकलताना वीज खाणारच.

दुसरी पळवाट चाचणीच्या मानकात असते. आयएसओ ९९०६ या पंपचाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्वीकृतीच्या श्रेणी आहेत. २बी श्रेणीत कार्यक्षमता हमीपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी आली तरी पंप पास होतो, १ई श्रेणीत ही ऋण सूट शून्य आहे. निविदेत श्रेणी लिहिलीच नाही तर पुरवठादार त्याला सोयीची धरतो. ८० टक्क्यांची हमी, पाच टक्क्यांची सूट, हातात पंप ७६ टक्क्यांचा. आपल्या उदाहरणात भार ४५.६७ किलोवॅट होतो आणि वर्षाला १.०७ लाख रुपये जादा जातात, सगळे कागद नियमात असताना. श्रेणी लिहा आणि वर दिलेले ‘ऋण सूट नाही’ हेही लिहा. निर्माता मग ८० ऐवजी ७८ ची हमी देईल. देऊ दे, तो आकडा खरा असेल.

दंड हमीच्या तोलाचा हवा. सूत्रात तुम्ही एका किलोवॅटला २.८७ लाख लावलेत, तर तूट आल्यावरची कपातही किलोवॅटला निदान तेवढीच असली पाहिजे. ती कमी ठेवली की खोटी हमी देऊन निविदा जिंकणे आणि नंतर किरकोळ दंड भरणे परवडते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ खाली दंडाची रक्कम वाजवी भरपाई ठरावी लागते. ज्या हिशेबाने मूल्यांकन केले तोच हिशेब निविदेत छापलेला असल्याने ही रक्कम हवेतून आणली असे कुणाला म्हणता येत नाही.

पण दंड वसूल कुठून करणार? साडेआठ लाखांच्या पंपावर पाच टक्के सुरक्षा अनामत म्हणजे ४२,५०० रुपये. वरच्या ७६ टक्क्यांच्या पंपाची कपात होते साडेसहा लाख. तेव्हा ३० टक्के रक्कम चाचणीपर्यंत रोखा, किंवा तेवढी बँक हमी घ्या. ३० टक्के म्हणजे २.५५ लाख, त्यातून सुमारे ०.८८ किलोवॅटची तूट भागते. नाकारण्याची मर्यादा तिथेच ठेवा: तूट त्याहून जास्त असेल तर पंप परत. आणि एवढे पैसे अडकवून ठेवताना चाचणीला स्वतःचीही मुदत घालून घ्या. उभारणीनंतर ३० दिवसांत नगरपरिषदेमुळे चाचणी झाली नाही तर रक्कम बँक हमीवर मोकळी करायची. हे लिहिले नाही तर चांगले निर्माते निविदा भरत नाहीत किंवा अडकणाऱ्या पैशाचे व्याज दरात चढवतात.

दंडाचा निर्णय निर्मात्याच्या चाचणी-बाकावर, तुमच्या किंवा त्रयस्थ तपासनिसाच्या उपस्थितीत झालेल्या चाचणीवर ठेवा. तिथे प्रवाह आणि हेड नेमके जुळवता येतात. उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेची आणि मुदतीतली आहेत का, हे चाचणीआधी बघा, नंतर बघून उपयोग नाही. पंपासोबत करारातलीच मोटर लावून चाचणी घ्या. बऱ्याचदा बाकावरची, त्यांच्या घरची मोटर लावतात. जागेवर मग घनमीटरमागे युनिट मोजा: ४३.३९ भागिले २०० म्हणजे ०.२१७. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवावा आणि दर महिन्याला काढावा. तो ०.२३५ च्या पुढे गेला की वेअर रिंग (पंपाच्या फिरत्या चाकाभोवतीचे, झिजल्यावर बदलायचे कडे) झिजली, व्हॉल्व्ह अडकला किंवा वाहिनीत काही झाले, हे बिल येण्याआधी कळते.

सुटे भाग मूल्यांकनात घेण्यालाही कारण आहे. इम्पेलर (पंपातले फिरते चाक), वेअर रिंगचे जोड, शाफ्ट स्लीव्ह, बेअरिंग, मेकॅनिकल सील यांचे पाच वर्षांचे दर निविदेतच बांधून घ्या. पंप स्वस्तात विकून इम्पेलरला मनाला येईल तो दर लावायचा, हा धंदा त्याने बंद होतो.

नावीन्याबद्दल. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण), दूरनियंत्रण, नवे लेप दिलेले इम्पेलर, सौर जोड, यांतले काही घ्यावे का, हे निविदा लिहिणाऱ्याला नेहमी ठाऊक नसते, आणि मग एखाद्या विक्रेत्याचे माहितीपत्रकच तपशील म्हणून उतरवले जाते. त्याऐवजी महिनाभर आधी स्वारस्याची जाहीर सूचना काढा, मोजमापाचे आकडे सगळ्यांना द्या आणि लेखी उत्तरे मागा. बैठक घेतली तर सगळ्यांसमोर, इतिवृत्त संकेतस्थळावर. एकट्या विक्रेत्याशी बंद दाराआड चर्चा नको. तपशील कामाच्या भाषेत लिहा: एवढे पाणी, एवढे हेड, एवढे तास, अधिकात अधिक एवढा भार. व्हीएफडी कुठे लागतो याला सोपी कसोटी आहे. मागणी किंवा हेड दिवसभर बदलत असेल तर तो कामाचा. एकाच टाकीत एकाच हेडला पाणी चढवायचे असेल तर व्हीएफडी स्वतःच दोन-तीन टक्के खातो आणि देत काही नाही.

पात्रतेच्या अटींनीही नवे लोक बाहेर राहतात. दहा लाखांच्या खरेदीला पाच कोटींची उलाढाल मागायची आणि ‘याच विभागात केलेले समान काम’ हवे म्हणायचे, हे स्पर्धा मारणे आहे. हमी, रोखलेली रक्कम आणि नाकारण्याचा हक्क हातात असताना उलाढालीची भिंत उंच करायची गरज उरत नाही.

वीजबचतीतून पैसे फेडण्याचा, एस्को पद्धतीचा प्रस्ताव येईल. पैसा हाताशी नसेल तरच घ्या. आधीचे युनिट आणि आधीचे पाणी त्रयस्थाकडून मोजून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय करार करू नका, कारण पाणी किती चढत होते याची नोंद नसेल तर बचत किती झाली हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. हप्त्यासाठी स्वतंत्र खाते हवे. नगरपरिषदा हप्ते थकवतात हे कंपन्यांना माहीत असते आणि ती जोखीम त्या दरातच घालतात.

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर घ्यायचे असेल तर तिथली तुलना मुख्यतः किमतीवर चालते. तिथे हे सूत्र बसवण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा कार्यक्षमतेची किमान मर्यादा (पंप ७८ टक्के, मोटर आयई-३, चाचणी १ई श्रेणीत) तांत्रिक अट म्हणून घाला. सूत्राइतका फायदा मिळत नाही, पण ७० टक्क्यांचा पंप तरी बाहेर राहतो. रक्कम मर्यादेत बसवण्यासाठी पंप, मोटर आणि पॅनल वेगवेगळे मागवू नका. तुकडे पाडल्याचा आक्षेप तर येतोच, शिवाय भार वाढला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

लेखापरीक्षकासाठी फाइलला पाच कागद एकत्र लावा: मोजमापाचा अहवाल, बारा महिन्यांची वीजबिले, २,८७,००० चा हिशेब, त्या सूत्राला तांत्रिक मान्यतेसोबत मिळालेली मंजुरी आणि निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त. सगळ्यांवरच्या तारखा निविदा सूचनेच्या आधीच्या हव्यात, फक्त इतिवृत्त लिफाफे उघडण्याच्या आधीचे चालेल. बैठकीत कुणी सूत्रातला आकडा चुकीचा दाखवून दिला तर शुद्धिपत्रक काढा आणि मुदत वाढवा. लिफाफे उघडल्यावर त्या आकड्याला हात लावता येत नाही, चूक उघड दिसत असली तरी. तेव्हा निविदा रद्द करून पुन्हा काढणे एवढाच मार्ग उरतो.